नकाशातली गावाची खोली

एका शुक्रवारी माझ्या ताटात सुरमईचं डोकं पडलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बत्ह्यात, म्हणजे रियाधच्या जुन्या गजबजलेल्या बाजारात, एका कळकट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमच्या गावाची खोली होती. शुक्रवारच्या नमाजानंतर आम्ही गाववाले तिथे एकत्र जेवायचो. माशाचं डोकं कुणाला वाढायचं हे तिथे ठरलेलं होतं: पहिला मान खोली सांभाळणाऱ्या चाचांचा, आणि गावाहून कुणी नुकतं आलं असेल तर त्याचा. मी या दोन्हींत बसत नव्हतो. मी बायको-मुलीबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा, शुक्रवारपुरता पाहुणा. माझ्या वाट्याला शेपटीकडचा तुकडा यायचा आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती.

"खा बाळा," चाचा म्हणाले, "डोक्याचं काम करतोस."

मी खाल्लं. आजूबाजूचे सगळे मान खाली घालून भाताचे गोळे करत होते, पण त्यांचे कान माझ्याकडे होते. त्याच आठवड्यात खोलीत बातमी पोचली होती की शहराच्या जुन्या मध्यभागाचा कायापालट करायचा आराखडा होतोय, आणि तो करायचं काम मी नोकरी करतो त्या कंपनीला मिळालंय. बातमी कुणी पोचवली ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी तर घरीसुद्धा बोललो नव्हतो.

गावाची खोली ही आमच्या रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान गावांची जुनी रीत. आधी मुंबईत होती, मग आमची माणसं जिथे जिथे गेली तिथे ती गेली. जमातीने, म्हणजे गावच्या बिरादरीने, मिळून एक खोली भाड्याने घ्यायची. गावाचा कुणी नवा माणूस आला की कफील, म्हणजे जामीन राहणारा मालक, सापडेपर्यंत, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हातात पडेपर्यंत त्याने तिथे पाठ टेकायची. कुणाची नोकरी गेली, कुणाचं मालकाशी वाजलं, तरी खोली होती. मी स्वतः या देशात आलो तेव्हा विमानतळावरून थेट तिथेच गेलो होतो. चाचांनी मला चहा दिला, स्वतःच्या गादीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "झोप आधी, बाकी मग बघू." त्या एका वाक्यासाठी मी त्या खोलीवर जीव ओवाळून टाकला असता. कुणासमोर हे बोललो नाही, पण खरं ते खरं.

चाचा माझे सख्खे कुणी नव्हेत. थोब, म्हणजे अरबांचे पायघोळ झगे, शिवणाऱ्या एका दुकानात त्यांचं आयुष्य गेलं, आणि आता डोळे कमी झाल्यावर ते तिथेच फक्त काजं-बटणं करायचे. खोलीची किल्ली, स्वयंपाक, भांडणं, सगळं त्यांच्याकडे. खोलीच्या भिंतीला लाकडाची एक मांडणी होती आणि तिच्यावर आम्हा सगळ्यांची स्टीलची ताटं उभी लावलेली असायची. प्रत्येक ताटावर नाव कोरलेलं, तेही इथे नाही, गावाकडच्या भांड्यांच्या दुकानात. या ताटांचा कायदा होता. माणूस सुट्टीवर गेला तरी त्याचं ताट मांडणीवरच राहायचं. ज्या दिवशी तो कायमचा परत निघायचा, त्या दिवशी सगळ्यांबरोबर शेवटचं जेवून आपलं ताट आपणच धुवायचं आणि बॅगेत भरायचं. ताट हललं की खलास, माणूस गेला.

आता कंपनीचं सांगतो. मी नगररचनाकार नव्हे. ते मोठे लोक, पडद्यासमोर उभं राहून हात हलवत बोलतात. त्यांनी बोललेलं संगणकावर नकाशात उतरवायचं हे माझं काम. या कामाच्या सुरुवातीलाच आम्हा सगळ्यांकडून गुप्ततेच्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. नकाशांच्या दालनात शिरताना फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा. आमचे साहेब जॉर्डनचे, अतिशय सभ्य, आणि माझ्यापेक्षाही संशयी. त्यांनी प्रत्येकाला एकेकटं बोलावून विचारलं होतं की या भागात तुमचं घर, दुकान किंवा नातेवाईक आहेत का. मी नाही म्हणालो. खोटं नव्हतं ते. खोली जमातीची होती, आणि गाववाल्याला साहेबांच्या भाषेत नातेवाईक म्हणत नाहीत. तरी सही करताना मला वाटलं की साहेब माझ्या हाताकडे जरा जास्तच वेळ बघतायत.

नकाशात प्रत्येक इमारतीला एक रंग द्यायचा होता. हिरवा म्हणजे राखायची, डागडुजी करून. लाल म्हणजे पाडायची. करडा म्हणजे नंतर ठरवू. सर्वेक्षण करणारी पोरं गल्लीगल्लीत फिरून माहिती आणायची, नगररचनाकार रंग ठरवायचे आणि मी तो भरायचो. आमच्या इमारतीची पाळी आली. तिला हिरवा मिळाला. दर्शनी बाजूची सिमेंटची नक्षीदार जाळी आणि खालच्या दुकानांपुढच्या कमानी साहेबांना आवडल्या होत्या. त्या जाळीवर आम्ही बनियन वाळत घालायचो. मी रंग भरला, शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं का हसतोयस, तेव्हा मी खोकल्यासारखं केलं.

म्हणजे मला ठाऊक होतं की खोली राहणार. आणि सांगायचं नव्हतं.

सर्वेक्षणवाल्यांनी इमारतीच्या दाराशी निळ्या रंगाने एक आकडा लिहिला. तो निव्वळ अनुक्रमांक होता, पण त्या आकड्याने खोलीतली झोप उडाली. आमच्यात एक इलेक्ट्रिशियन होता, माझ्याच आळीतला, जगातलं सगळं आपल्याला कळतं असं समजणारा. तो म्हणाला, निळा म्हणजे आधी वीज तोडणार, मग पाणी. दुसऱ्याने सांगितलं, समोरच्या इमारतीचा आकडा मोठा आहे म्हणजे ती नंतर पडणार. यावर तावातावाने चर्चा झाली आणि मग एकदम सगळे गप्प झाले, कारण त्यांना आठवलं की मी तिथेच बसलोय.

मला कुणीही काही विचारलं नाही. हेच तर मला खटकत होतं. बाहेरची माणसं, हॉटेलवाला, पैसे पाठवायच्या दुकानातला केरळी, सरळ विचारायचे: भाई, तुम्हारी कंपनी क्या करेगी? त्यांना मी सरळ सांगायचो की माहीत नाही. खोलीतल्यांनी मात्र दुसराच मार्ग काढला होता. चाचा सहज म्हणायचे, "किचनला रंग काढूया म्हणतो. काय रे?" आणि दहा डोळे माझ्या तोंडावर. काढा म्हटलं तर इमारत राहणार, राहू द्या म्हटलं तर पडणार. मी म्हणायचो, "चाचा, तुमची मर्जी." मग पुढच्या शुक्रवारी नवीन फ्रिज घ्यायचा विषय. त्याच्या पुढच्या शुक्रवारी खिडकीची काच. मी ताकास तूर लागू देत नव्हतो आणि ते माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावत होते. सुरमईचं डोकं सलग मिळत राहिलं. आमचा एकजण कतीफला मासळीच्या धंद्यात होता, तो थर्माकोलच्या पेटीतून मासे पाठवायचा. आता म्हणे तो खोलीच्या खास निरोपावरून मोठी सुरमई निवडायचा. मला एकेक घास लाच दिल्यासारखा वाटायला लागला.

"तुमी ना," बायको म्हणाली, "शेजाऱ्यानं नळ सोडला तरी कान लावून बसता. चाचा मायेनं वाढतायत, खा की गुमान."

तिचं बरोबर असेलही. पण मी त्यांचे डोळे बघत होतो, ती नव्हे.

त्याच सुमारास माझे सासू-सासरे व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले. सासरे जुन्या वळणाचे. आमच्या घरात चपट्या काचेच्या ताटल्या. मुलीला त्याच आवडतात. भातावर सालन ओतलं की ते ताटलीच्या कडेवरून थेट सासऱ्यांच्या लेंग्यावर. त्यांनी दोन वेळा सोसलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "जावईबापू, या देशात काठाचं ताट मिळत नाय काय?" मिळत असणार, पण बायकोला आठवलं की माझं एक छान खोलगट ताट खोलीत पडून आहे. अब्बांना तेच आणा, ते जाईपर्यंत. मी आणायला गेलो. मधला वार होता, खोलीत इलेक्ट्रिशियन एकटाच होता. ताट काढताना मला कायदा आठवला नाही असं नाही. मी त्याला सगळं सांगितलं: सासरे आलेत, काठाचं ताट हवंय, परत आणून ठेवतो. तो म्हणाला, "घेऊन जा ना, तुझंच हाय." आणि मी ताट वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेलो.

पुढच्या शुक्रवारी खोलीत शिरलो तेव्हा जेवण तयार होतं, पण बोलणं नव्हतं. मला कागदाच्या ताटलीत वाढलं. माशाचं डोकं चाचांच्या ताटात होतं, पूर्वीसारखं. मांडणीकडे बघितलं तर माझ्या ताटाच्या जागेशेजारी आणखी दोन जागा रिकाम्या होत्या. मी विचारलं, कोण गेलं? कुणीच गेलं नव्हतं. दोघे दुसरीकडे जागा बघत होते, एवढंच.

इलेक्ट्रिशियनने काय सांगितलं असेल ते मला बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. ज्याच्या हातात नकाशा आहे त्यानेच आपलं ताट उचललं. मग आता आणखी काय पुरावा पाहिजे? सासऱ्यांची गोष्ट त्यांनी ऐकली होती आणि तिच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. स्टीलचं एक ताट या शहरात विकत मिळत नाही होय? खरंच, त्यांच्या जागी मीही हाच प्रश्न विचारला असता.

मी चडफडत घरी आलो, दुकानात जाऊन सासऱ्यांसाठी नवीन ताट घेतलं आणि माझं परत नेऊन मांडणीवर ठेवलं. त्याने तर आणखीच बिघडलं. आता त्यांचं म्हणणं असं झालं की कंपनीला पत्ता लागला, कंपनीने झापलं, म्हणून ताट परत आलं. म्हणजे नक्कीच पडणार. मी कपाळावर हात मारून घेतला. ताट नेलं तरी इमारत पडत होती आणि आणलं तरी पडत होती.

इकडे कंपनीत दुसरंच शिजत होतं. इमारतीचा मालक कधीचा वारला होता, मागे बरेच वारस. त्यांच्या वतीने कारभार बघणारा एक माणूस आराखड्यावर हरकत घेऊन आला. त्याचं म्हणणं, आमची इमारत हिरवी ठेवू नका, पाडायच्या यादीत घाला, जागा मोकळी झाली तर वारसांचं भलं आहे. साहेबांनी त्याला समजावलं ते मी नकाशा उघडून बाजूला बसून ऐकत होतो. नुसत्या जाळीसाठी आम्ही कुणाची इमारत अडवून ठेवू शकत नाही, ते म्हणाले. पण वरचे मजले वर्षानुवर्षं भरलेले आहेत, लोक राहतायत, खाली दुकानं चालू आहेत. वापरात असलेली जुनी इमारत राखायची हे आराखड्याचं तत्त्व आहे. रिकामी असती तर गोष्ट वेगळी. तो माणूस उठला, हसला, सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीसुद्धा. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

वरच्या मजल्यांवर राहणारे लोक म्हणजे कोण, हे त्या दालनात फक्त मला माहीत होतं. दुसरा मजला एका बांगलादेशी टोळक्याचा होता आणि ते आमच्या चाचांकडे बघून चालायचे. चाचांनी खोली सोडली की दुसरा मजलाही रिकामा होणार. आणि चाचा सोडायच्या बेतात होते.

मी दोन दिवस स्वतःशी भांडलो. सांगितलं आणि बाहेर फुटलं तर नोकरी जाणार, इकामा जाणार, मुलीची शाळा अर्ध्यावर सुटणार. आणि फुटणारच, कारण इलेक्ट्रिशियनच्या पोटात काही राहत नाही हे सिद्ध झालेलं होतं. नाही सांगितलं तर खोली जाणार. शेवटी बायकोलाच विचारलं. मला वाटलं होतं ती मला गप्प बस म्हणेल. ती भाजी निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "त्यांनी तुमाला गादी दिली तेव्हा कुणाला विचारलान होतं?"

शुक्रवारी जेवण झाल्यावर मी चाचांना गच्चीवर घेऊन गेलो. ऊन कललं होतं. पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत आम्ही उभे राहिलो. खाली गाड्यांचे भोंगे, मेट्रो स्टेशनकडे जाणारी माणसं. मी आधी जिन्याचं दार लावून घेतलं, टाकीमागे कुणी नाही ना ते बघितलं, आणि मग बोललो.

"चाचा, तुम्ही कुठं जाऊ नका. ही इमारत पडणार नाही. मी स्वतः नकाशात तिला हिरवा रंग भरलाय. हिरवा म्हणजे राखायची. पण तुम्ही खोली सोडलीत तर मात्र पडेल. रिकामी दिसली की पडेल."

आयुष्यात इतकं सरळ मी फार थोड्या वेळा बोललो असेन.

चाचांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. रागाने नव्हे. आजारी माणसाकडे बघावं तसं.

"कंपनीनं पाठवलान तुला?"

"नाही चाचा. कंपनीला कळलं तर मला हाकलतील."

"मग इतके महिने का नाय बोललास?"

"सही केलीय. बोलायची मनाई आहे."

"आणि आज मनाई नाय?"

चाचा टाकीला टेकले.

"बाळा, मी याच्या आधी दुसऱ्या शहरात होतो. तिथं पण एक साहेब आला होता, आपल्यासारखाच हिंदी बोलणारा. बोलला, कुठं जाव नका, तुमची गल्ली राहणार हाय. आमी राहिलो. आमच्या गाद्या रस्त्यावर काढल्यान, उन्हात. शिलाईची मशीन काढायला येळ पण नाय दिलान. रिकामी केली तर पडेल म्हणतोस. लोक भरलेली असली तर राहील म्हणतोस. असं कुठं असतं काय? पाडायची असली की ते माणसांना विचारतात होय?"

"या वेळी तसंच आहे, चाचा. शपथ."

"शपथ घेव नको," ते पटकन म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यावर माजा राग नाय. तुझी नोकरी हाय, पोरगी शिकतेय. तुला सांगितलान असेल, लोकांना शांत ठेव. तू असंच बोलणार. तुज्या जागी मी असतो तर मी पण असंच बोललो असतो."

मी आणखी बरंच बोललो. जाळीचं सांगितलं, कमानींचं सांगितलं, हरकत घेणाऱ्या माणसाचंही सांगितलं. जितकं जास्त सांगितलं तितका त्यांचा चेहरा बंद होत गेला. बरोबरच आहे. इतकं सगळं माहीत असलेला माणूस एवढे महिने माशाची डोकी खात गप्प बसला होता. मीही अशा माणसावर विश्वास ठेवला नसता.

महिना संपायच्या आत त्यांनी खोली सोडली. वारसांचा कारभार बघणाऱ्या माणसाने ना भिंतीवरच्या धुराच्या डागांची तक्रार केली ना तुटलेल्या नळाची. उलट सामान हलवायला टेम्पो पाठवला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, भला माणूस आहे. मला त्या टेम्पोचा इतका राग आला की मी सामान उचलायला हात लावला नाही, नुसता जिन्यात उभा राहिलो. चाचा शहराबाहेर कारखान्यांच्या बाजूला, त्यांच्या पुतण्याच्या कंपनीच्या कॅम्पात गेले. बाकीचे पांगले. कुणी दूर अबकैक गावाला काम मिळवलं, कुणी दुकानाच्या माळ्यावर झोपायला लागला. मग दुसऱ्या मजल्यावरचे गेले. खालच्या दुकानदारांनी वर अंधार बघितला आणि तेही चौकशी करायला लागले.

सर्वेक्षणाची पोरं फेरतपासणीला गेली आणि फोटो घेऊन आली. जाळीवर एकही बनियन नव्हतं.

बैठकीत साहेबांनी तो फोटो पडद्यावर लावला. "ही आता रिकामी आहे. वारसांची हरकत मान्य करायला आपल्याकडे अडचण काय?" कुणालाच अडचण नव्हती. मी हात वर केला. मी अशा बैठकीत कधी बोलत नसे. म्हटलं, काही लोक तात्पुरते गेले असतील, अफवा आहेत, थोडं थांबून पुन्हा बघावं.

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हाला कसं माहीत की तात्पुरते गेलेत?"

"अंदाज," मी म्हणालो.

"एवढ्या शेकडो इमारतींत याच एका इमारतीबद्दल तुमचा अंदाज आहे?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं, खोलीत मी तसल्या नजरांपुढे कित्येक शुक्रवार जेवलो होतो. मी म्हणालो, नाही सर, सहज. साहेबांनी चष्मा पुन्हा घातला आणि म्हणाले, मग बदला. मी माउसने आमच्या इमारतीवर टिचकी मारली, यादीतून रंग निवडला, आणि पडद्यावर सगळ्यांसमोर ती लाल झाली. मला वाटलं होतं माझा हात अडखळेल. नाही अडखळला. सवयीचं काम होतं.

पुढे आराखडा जाहीर झाला. मोठ्या फलकांवर झाडं, कारंजी, हातात हात घालून चालणारी कुटुंबं. लोकांनी नकाशा फोनवर उघडून आपापली गल्ली शोधली. मी घरी होतो. मुलगी अभ्यास करत होती, बायको भाकऱ्या थापत होती. चाचांचा फोन आला. खोली सुटल्यापासून त्यांनी मला फोन केलेला नव्हता, आणि माझीही करायची हिंमत झाली नव्हती.

"बघितलास?" ते म्हणाले. आवाज खुशीत होता. "पुतण्यानं दाखवलान मला. लाल हाय. पूर्ण लाल."

"हो चाचा."

"येळेवर निघालो आमी. नायतर पुन्हा गाद्या उन्हात."

"हो."

मला सांगायचं होतं. सगळं ओठांवर आलं होतं: की त्या दिवशी ती हिरवी होती, की ती अजूनही हिरवी असती. पण मी गच्चीवर तेच तर सांगितलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बायकोने तव्यावरून हात काढून माझ्याकडे बघितलं.

मग चाचा आवाज खाली आणून, अगदी मायेने म्हणाले, "तू त्या दिवशी गच्चीवर माज्याशी खोटं बोललास. मी कुणाला सांगितलं नाय, आणि मनात पण ठेवलं नाय. पोटासाठी माणसाला बोलायला लागतं. माफ केलं मी तुला."

मी त्यांचे आभार मानले.